चार किनारे नकोत, एक मुक्काम पुरे

प्रिय ताई,

तुमचे पत्र लक्षपूर्वक वाचले. सासूबाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे आणि सगळी मुले, सुना, जावई, नातवंडे एकाच वेळी डोळ्यांसमोर असावीत एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकिनारी जमायचे ठरले आहे. चार घरांची मिळून एकवीस माणसे, चार गाड्या, आणि त्यांत सर्वांत लहान म्हणजे नणंदेची पाच महिन्यांची मुलगी. धाकट्या दिरांनी मोठ्या हौसेने बेत आखला आहे: पाच दिवसांत चार समुद्रकिनारे, रोज नवा मुक्काम, आणि पहिल्या दिवशी सगळे कामावरून परतले की रात्री दहाला निघून पहाटे पोहोचायचे. हा बेत वाचल्यापासून तुम्हाला धास्ती वाटते. पण थोरल्या सुनेनेच नकार दिला तर सगळ्यांच्या उत्साहावर विरजण पडेल, या संकोचाने तुम्ही गप्प आहात. शिवाय मागच्या सहलीनंतर खर्चावरून नणंद आणि जाऊबाई यांच्यात जो अबोला झाला, तो या वेळी टाळायचा आहे.

तुमची धास्ती अनाठायी नाही, आणि ती बोलून दाखवणे म्हणजे विरजण घालणेही नाही. या बेतात सर्वांत मोठी उणीव कोणती, तर त्यात माणसांनी भेटण्यासाठी वेळच उरलेला नाही. मुक्काम हलवायचा म्हटले की एकवीस जणांचे सामान बांधायचे, खोल्या रिकाम्या करायच्या, कोणाचे तरी विसरलेले औषध शोधायचे, मग गाड्यांत बसायचे, आणि नव्या ठिकाणी खोल्या मिळेपर्यंत ताटकळायचे. यात अर्धा दिवस सहज जातो, आणि तो सुद्धा सर्वांची चिडचिड वाढवून. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गाडीत प्रत्येक जण आपल्याच घरच्या माणसांबरोबर बसलेला असतो, म्हणजे ज्यांच्याबरोबर वर्षभर राहतो त्यांच्याबरोबरच. चुलत-आते भावंडांची गट्टी जमते ती मुक्कामी, अंगणात, पाण्याच्या कडेला. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे की किनारा एकच निवडा, मुक्काम एकच ठेवा, आणि पाचही दिवस तिथेच राहा. ज्यांना दुसरा किनारा पाहायचाच असेल त्यांनी मधल्या एखाद्या दिवशी सकाळी एकाच गाडीतून जाऊन संध्याकाळी परतावे. त्या गाडीत मात्र चार घरांतली माणसे मिसळून बसवा.

आता रात्रीच्या प्रवासाविषयी. येथे मध्यममार्ग सुचवण्याची माझी तयारी नाही. सकाळी सहाला उठलेला, दिवसभर काम केलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर प्रतिक्रिया देण्याचा वेग आणि लक्ष किती मंदावते याची मोजणी झालेली आहे: रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके, आणि अनेक देशांत वाहन चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा हीच आहे. तुमचे दीर रात्री अकराला जेमतेम मार्गाला लागलेले असतील, आणि पुढे सगळी रात्र बाकी असेल. त्यातही पहाटेचे दोन ते सहा हे तास शरीराच्या नैसर्गिक घड्याळानुसार झोपेचेच असतात. इच्छाशक्तीने झोप थोपवता येते हा समज घातक आहे. काच खाली करणे, गाणी लावणे, शेजारच्याशी बोलत राहणे याने काही मिनिटे तरतरी येते, पण डुलकी टळत नाही. ‘गेले काही किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही’ असे चालकाला जाणवले, तर ती थांबण्याची वेळ उलटून गेल्याची खूण समजावी.

त्यामुळे सर्वांनी त्या रात्री आपापल्या घरी पूर्ण झोप घ्यावी आणि उजाडल्यावर निघावे. शक्य असेल तिथे प्रत्येक गाडीत दोन चालक असावेत आणि दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा असावा. दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही झोपेची एक लाट येते, हे ध्यानात ठेवून त्या वेळी ताज्या माणसाला चाकावर बसवावे. एवढ्याने पहिल्या दिवसाची सकाळ किनाऱ्यावर मिळणार नाही हे खरे. पण रात्रभर गाडी चालवून आलेली माणसे ती सकाळ झोपूनच काढणार होती.

चार गाड्या एकमेकींच्या मागोमाग नेण्याचा आग्रहही सोडून द्या. पुढची गाडी दिसेनाशी होऊ नये म्हणून मागचा चालक पिवळा दिवा ओलांडतो, नको तिथे पुढे काढतो, आणि त्याचे निम्मे लक्ष रस्त्यावर नसते. त्याऐवजी भेटण्याची दोन ठिकाणे आधी ठरवा. जो आधी पोहोचेल तो थांबेल, आणि चालक सोडून दुसऱ्या कोणीतरी फोनवर खबर देईल, असा नियम करा. निघण्यापूर्वी चाकांतील हवा थंड असताना तपासून घ्यावी. माणसे आणि सामान यांनी गाडी भरलेली असेल तर हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त लागतो, आणि तो किती हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते.

लहान बाळाला मांडीवर घेऊन प्रवास करण्याची सवय अनेक घरांत असते, परंतु अचानक ब्रेक लागल्यावर कोणत्याही हाताला ते वजन धरून ठेवता येत नाही. तिच्यासाठी मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवायची बाळाची खुर्ची हवीच, आणि प्रत्येक थांब्याला तिला त्यातून बाहेर काढून मोकळे करायला हवे. सासूबाईंना चार तासांपेक्षा अधिक सलग बसवू नये, कारण फार वेळ पाय लोंबकळत राहिले की शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. चालत्या गाडीतही घोटे वर-खाली हलवत राहायला त्यांना सांगा. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून त्या मागतील तेव्हा नव्हे, तर ठरावीक वेळाने त्यांना पाणी द्या. त्यांना रक्तदाबाचे किंवा लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर उन्हाळ्यातल्या प्रवासापूर्वी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर ते सामानाच्या डिकीत जाता कामा नये. ते थंड राहील अशा पिशवीत, जवळ ठेवावे.

आणखी एक गोष्ट सर्व चालकांना बजावून सांगा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढते, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. हे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले होते. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यातच दिसले. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तुलनेत कितीतरी लवकर तापते. त्यामुळे बाळ झोपले आहे, उठवायला नको, आपण दोन मिनिटांत येतो, असा विचार कोणीही करू नये.

दिवसाची आखणी तुम्ही घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर करावी असे मी सुचवेन, कारण तुमच्या कुटुंबातील वृद्धांना आणि मुलांना समुद्र वेगवेगळ्या वेळी अनुकूल असणार आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी सातला पूर्ण ओहोटी असेल, तर दुसऱ्या दिवशी ती आठच्या थोडी आधी आणि पाचव्या दिवशी दहा वाजून गेल्यावर येईल. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक बराच कमी होतो. तारखा अजून तुमच्या हातात असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. ज्या किनाऱ्याला जाणार आहात तेथील भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधीच मिळते. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मुक्कामाच्या दारावर लावा.

सासूबाईंना पाण्यापर्यंत न्यायचे असेल तर ओहोटीची वेळ साधा. वरची कोरडी वाळू चालायला फार कठीण असते. तिच्यात काठीचे टोक रुतते, पाऊल वाकडे पडते, आणि दुखरे गुडघे दहा पावलांत थकतात. पाणी नुकतेच मागे सरलेल्या पट्ट्यातील ओली वाळू मात्र घट्ट असते. तिच्यावर पाऊल टेकले की भोवतालचा भाग क्षणभर कोरडा, पांढरट दिसतो आणि पाय आत जात नाही. अशी वाळू दिसली की तिथे त्यांना निर्धास्तपणे चालू द्या. दोन्ही बाजूंना नातवंडे असू द्यात, आणि कोरड्या वाळूचा टापू ओलांडण्यासाठी एक खुर्ची आणि दोन धडधाकट माणसे तयार ठेवा. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर येणारी ओहोटी यासाठी निवडा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर ऊन अपायकारक समजावे. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परत वर फेकतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजू शकते. बाकीच्यांनी सनस्क्रीन लावून दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे; पाच महिन्यांच्या बाळाला मात्र ते न लावता पूर्णवेळ सावलीत आणि सैल कपड्यांत ठेवणेच योग्य.

तीच घट्ट वाळू पाहून कोणाला तरी गाडी खाली उतरवण्याचा मोह होईल. तसे होऊ देऊ नका. भरतीचे पाणी सहा तासांत एकसारखे चढत नाही. मधल्या दोन तासांतच निम्मे चढते, आणि रुतलेली गाडी बाहेर काढायला तेवढा वेळ पुरत नाही. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर जाणाऱ्या तरुण मंडळींनाही हे सांगा, कारण तिथे पाणी नेहमीच समोरून येत नाही. मागची सखल जागा आधी भरते आणि परतीची वाट बंद झाल्याचे उशिरा कळते.

आता मुलांच्या पोहण्याकडे येतो, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात याचा उल्लेख केवळ ‘मुले पाण्यात खेळतील’ एवढाच आहे. ओहोटी ही चालण्याची वेळ आहे, पोहण्याची नव्हे. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी समुद्रात परतताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात वाहते. याला रिप करंट म्हणतात, आणि अनेक किनाऱ्यांवर ओहोटीच्या सुमारास त्याची ओढ वाढते. हा पट्टा ओळखायचा कसा, तर दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असताना मध्ये एका जागी त्या फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि फेस किंवा वाळूने गढूळ झालेले पाणी आत जाताना दिसते. नवख्या माणसाला वाटते की मुलांसाठी हीच जागा चांगली, लाटा कमी आहेत. प्रत्यक्षात ती सर्वांत धोक्याची असते. ही ओढ सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाची असू शकते, आणि तिच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

त्यात सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरू नये. हा प्रवाह खाली बुडवत नाही, फक्त आत नेतो. म्हणून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. मग लाटाच परत आणतात. हे मुलांना मुक्कामी, जमिनीवर, हातवारे करून शिकवा. मोठ्यांनीही एक गोष्ट पक्की ठरवावी, ती म्हणजे कोणी अडचणीत दिसले तर आधी जीवरक्षकाला हाक मारायची आणि तरंगणारी वस्तू फेकायची. झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा मोठा चेंडूही चालेल. वाचवायला रिकाम्या हाताने उडी टाकणारे वडील, काका, मामा स्वतःच बुडाल्याच्या घटना नेहमी घडतात.

किनारा निवडताना जीवरक्षक असणे ही माझ्या दृष्टीने पहिली अट आहे. खोल्यांतून समुद्र दिसतो की नाही हे त्यानंतर पाहावे. लाल-पिवळा झेंडा लावलेला असतो त्या दोन झेंड्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांचे लक्ष असते, आणि लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. हवा भरलेली खेळणी आणि रबरी चाके समुद्रात वापरू नका, कारण जमिनीवरून वाहणारा वारा ती मुलासकट आत घेऊन जातो.

पण या सर्वांहून मोठा धोका गर्दीचा आहे. एकवीस माणसांपैकी बारा-तेरा जण प्रौढ असतील, आणि म्हणून मुलांवर भरपूर लक्ष राहील असे वाटते. घडते उलटेच. प्रत्येक जण समजतो की दुसरा पाहत आहे, आणि कोणीच पाहत नसते. बुडणारे मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. त्याचे डोके मागे झुकते, तोंड पाण्याच्या पातळीवर येते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला ते खेळत आहे असेच वाटते. हे सगळे मिनिटभरात संपू शकते. म्हणून मुले पाण्यात असताना एका माणसाची पहाऱ्याची पाळी लावा. त्याच्या गळ्यात शिट्टी असावी, हातात फोन नसावा, त्याने मद्य घेतलेले नसावे, आणि वीस मिनिटांनी पाळी बदलताना पुढच्याचे नाव घेऊन ‘आता तुझ्याकडे’ असे सांगून, त्याने ‘हो’ म्हटल्यावरच शिट्टी काढून द्यावी. ज्यांना पोहता येत नाही अशा प्रत्येक लहान मुलाबरोबर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात असावे, ते वेगळे. मुले वाळूत खड्डे खणतात त्यांचेही पाहा. सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा किंवा भुयार खणू देऊ नये, कारण कडेची वाळू एकाएकी ढासळते आणि आत अडकलेल्याला हाताने उकरून काढणे फार कठीण जाते. निघताना खड्डे बुजवायला मुलांनाच सांगा.

खर्चाबाबत मागच्या वेळी जे घडले त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे: वाटणी कशी करायची हे परत आल्यावर ठरवायला बसलात. या वेळी निघण्यापूर्वी ठरवा. खोल्यांचा खर्च खोलीप्रमाणे, इंधनाचा खर्च ज्या गाडीत जे बसले त्यांच्यात, आणि जेवणाचा खर्च माणशी, लहान मुलांचा निम्मा, ही वाटणी सर्वांना पटण्यासारखी आहे. सासूबाईंचा वाटा चारही भावंडांनी सारखा उचलावा. प्रत्येक घराने सारखी रक्कम आधीच एका जागी जमा करावी, आणि ती सांभाळण्याचे काम तुमच्याकडे नसावे. तुमच्याकडे बाकीचे पुरेसे आहे. रोज रात्री त्या दिवसाचा हिशेब सर्वांना कळावा. एखाद्या घराला ही रक्कम जड जाण्यासारखी असेल तर खोल्या ठरवण्यापूर्वी, एकट्याशी बोलून, ते जाणून घ्यावे आणि त्यानुसार स्वस्त जागा निवडावी. सर्वांसमोर ‘परवडेल ना?’ असे विचारणे मात्र टाळावे.

राहिला प्रश्न दिरांशी बोलण्याचा. सगळ्या कुटुंबासमोर त्यांच्या बेतावर आक्षेप घेऊ नका. त्यांनी कष्ट घेतले आहेत. आधी तुमच्या यजमानांना विश्वासात घ्या आणि मग दिरांना स्वतः फोन करा. ‘भाऊजी, आईंना सगळे एकत्र हवे आहेत आणि त्यांना रोज मुक्काम हलवणे झेपणार नाही. किनारा एकच ठेवू, पण तो कोणता हे तुम्हीच ठरवा’ असे सांगा, आणि जीवरक्षकांची चौकशी, भरती-ओहोटीच्या वेळा, वाटेतले थांबे ही कामे त्यांच्याकडे सोपवा. ज्या माणसाने चार किनाऱ्यांची माहिती काढली आहे तो हे उत्तम करील. रात्री निघण्याबाबत ते अडून बसले, तर ‘आमची गाडी सकाळीच निघेल, आणि आई आमच्या गाडीत असतील’ एवढेच शांतपणे सांगा. मग वाद घालायची गरज पडणार नाही. हा फोन खोल्यांचे पैसे भरले जाण्यापूर्वी, म्हणजे याच आठवड्यात करा. शेवटच्या दिवशीही दुपारपर्यंत पाण्यात खेळून मग लांबचा रस्ता धरण्याचा बेत असेल, तर त्याच फोनमध्ये तोही बदलून घ्या: आदल्या संध्याकाळी सामान बांधून सकाळी निघावे, आणि कामावर रुजू होण्यापूर्वी प्रत्येक चालकाला एक पूर्ण दिवस घरी मिळावा.